तळमजल्याचे कुलूप

राजधानीत कायमचे राहायला येण्याचा विचार असेल, तर ते शहर अधिवेशनाच्या दिवसांत पाहू नये, असे मी आताशा विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. महानगरांची गोष्ट निराळी. त्यांना स्वतःचा व्यापार असतो, स्वतःची नाडी असते. आमच्यासारख्या मध्यम आकाराच्या राजधानीची नाडी उसनी. अधिवेशन भरले की रस्ते ओसंडतात, खाणावळींत बसायला जागा मिळत नाही, छापखाने अहोरात्र धडधडतात. ते संपले की सभागृहाच्या फाटकाला साखळी पडते आणि तिच्यामागोमाग निम्मे शहर डोळे मिटून घेते. येथे जन्मलेल्यांना याचे काही वाटत नाही. नव्याने येणाऱ्याला मात्र हे कोणी सांगत नाही. कारण ज्यांनी सांगायचे, त्यांतल्या बहुतेकांना आपापली रिकामी खोली भाड्याने द्यायची असते.

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वेतवाल्यांनाही ते कोणी सांगितले नव्हते.

वेतवाले म्हणजे खुर्च्यांच्या बैठका वेताने विणणारे एक कारागीर गृहस्थ. अधिवेशनाच्या तोंडावर एका कंत्राटदाराने त्यांना जादा हात म्हणून बोलावून घेतले. सरकारी गोदामाच्या अंगणात जुन्या खुर्च्यांच्या राशी लागल्या होत्या. कोणाची बैठक फाटलेली, कोणाची पाठ उसवलेली. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून ओवायच्या, लाकडी खुंट्या ठोकून ताण धरायचा. हात दुखून आले तरी रास कमी होईना. गावाकडे महिन्याकाठी एखादी खुर्ची विणायला यायची. त्या अंगणात उभे राहून या सालस माणसाने असा निष्कर्ष काढला की, जिथे इतके लोक बसतात तिथे आपण उपाशी मरणार नाही. निष्कर्ष तर्कशुद्ध होता. चुकला होता तो ऋतू.

ते गावी परतले आणि त्यांनी दोर कापून टाकले. घरातला आपला वाटा धाकट्या भावाला लिहून दिला, बायकोला आणि हत्यारांच्या पेटीला घेऊन ते इकडे आले. आईला मागाहून आणायचे ठरले होते. आईचे कमरेचे हाड मोडले होते. धरून बसवले तर बसे, पण पाऊल टाकणे संपले होते. तिच्यासाठी तळमजल्याची खोली हवी होती, आणि ती आमच्या इमारतीत होती. अंगणाच्या पातळीवरचे दार, समोर सकाळचे ऊन, दोन पावलांवर नळ. दाराला कुलूप होते.

"ती खोली अधिवेशनाची आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "तेवढ्या दिवसांत वर्षाचं भाडं देऊन जातात माणसं. तूर्त वर राहा. पुढचं बघू."

या शहरात सर्वत्र हीच रीत. जिन्याची चढण नसलेल्या, उजेडाच्या, रस्त्यालगतच्या खोल्या पाहुण्यांसाठी वर्षभर बंद. आणि येथे राहणारे सगळे वर. बाहेरच्याला ती कुलपे दिसतात, तेव्हा त्याला वाटते, केवढ्या खोल्या रिकाम्या आहेत.

अधिवेशन संपले. विणलेल्या खुर्च्या गोदामात गेल्या, कंत्राटदार आपल्या गावी गेला. वेतवाले दारोदार फिरू लागले. एका कचेरीतल्या शिपायाने त्यांना ऐकवले, "अहो, इथे खुर्ची मोडत नाही. खुर्चीसाठी माणसं मोडतात." वेतवाले हसले. घरी येऊन त्यांनी तो विनोद बायकोला सांगितला, तेव्हा ती हसली नाही.

त्यातच धाकट्या भावाचा निरोप आला: मुलीचे बाळंतपण घरी आहे, आईला घेऊन जा, राजधानीच्या माणसाला काय कमी? वेतवाले गेले आणि आईला घेऊन आले. स्वतःच विणलेल्या, हात असलेल्या खुर्चीत तिला बसवून, पुढे ते आणि मागे कोपऱ्यावरचा हमाल, असे दोघे जिना चढले. प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासत होती. दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारापाशी, ते दम खायला थांबले. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मेल्यावर चार जण लागतात म्हणतात. आमच्या पोराने दोघांतच भागवलं."

"आई, थोडे दिवस गं," वेतवाले धापा टाकत म्हणाले. "खालची मिळाली की उतरवतो तुला."

"उतरव बाबा. घाई नाही. मी कुठे पळून जातेय?"

समवयस्क म्हणून मी दुपारी तिच्याजवळ जाऊन बसू लागलो. खोली एकच. एका भिंतीशी तिची खाट, दुसऱ्या भिंतीशी वेत भिजवायची परात, मधे सूनबाईंची चूल. खिडकीतून समोरच्या कचेरीची मागची भिंत दिसे. गावाकडे ती ओट्यावर बसे. येणारा-जाणारा दोन शब्द टाकून जाई. इथे तिच्याकडे कोणी वाट वाकडी करून येण्यासारखी वाटच नव्हती. सून तिचे सगळे निमूटपणे करी. पाणी खालून आणावे लागे, आणि म्हातारी ते ओळखून तहान लागली तरी मागत नसे. ओठ सुकलेले दिसले की सूनबाईच भांडे पुढे करून म्हणत, "प्या हो. ते आणलंय ते झाडांना घालायला नाही."

एक दिवस ती मला म्हणाली, "जमिनीला पाय टेकवून बसावंसं वाटतं हो. चालायचं नाही मला. नुसते टेकवायचे."

हे वेतवाल्यांनी ऐकले. त्यांच्या मनात दुसरे काही उरलेच नव्हते. काम नाही याची त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. पण खाली जाता-येता त्या बंद दाराकडे ते असे पाहत, की मालकीणबाईंनी त्या बाजूने जाणे सोडले.

पुढच्या वर्षी बातमी आली, की सभागृहाच्या दुरुस्तीमुळे अधिवेशन दुसऱ्या शहरात भरणार. व्यापारी हवालदिल झाले. वेतवाले मात्र धावतच मालकीणबाईंकडे गेले. खोली आता वर्षभर रिकामीच राहणार होती.

"रिकामी राहील, पण माझी राहील," बाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. विधवा होत्या आणि इमारतीवरच त्यांचे पोट होते. थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "हे बघा वेतवाले, तुमची वरची खोली घेणारं कुणी मिळालं, तर तुम्ही खाली या. दोन्ही भाडी चालू राहिली पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. उद्या एक जण येतोय बघायला. चार चांगले शब्द बोला त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ आला तेव्हा मी खाटेशेजारीच बसलो होतो. नळांची कामे करणारा तरुण होता. मागल्या अधिवेशनात नव्या अतिथीगृहाच्या कामावर आला होता आणि शहरावर भाळून गेला होता. त्याचे वडील खाली गाडीतच बसून होते.

"गुडघ्यांचं दुखणं आहे त्यांना," तो म्हणाला. "तळमजला मिळेपर्यंत काढू इथे. बाई म्हणाल्या, पुढचं बघू."

वेतवाल्यांनी परात उगाचच बाजूला सारली आणि बोलायला सुरुवात केली. खोलीत वारा चांगला येतो. शेजार सज्जन आहे. शहरात काम मागेल त्याला मिळते. मी त्यांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते. पाठ केलेले म्हणून दाखवावे तसे ते बोलत होते, आणि बोलताना आईकडे पाहत नव्हते. सूनबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

तरुणाला पटत चालले होते. निघता निघता तो सौजन्याने खाटेकडे वळला. "आजी, तुम्हाला कसं वाटलं शहर?"

"शहर?" म्हातारी म्हणाली. "मी कुठे पाहिलंय? मी जिना पाहिला, तोही उलटा. वर आणली त्या दिवसापासून ही समोरची भिंत आहे माझं शहर." आणि मग, आवाज न चढवता, "तुझ्या वडलांना वर आणू नकोस हो. चढवणं सोपं असतं."

तरुणाने वेतवाल्यांकडे पाहिले. ते परातीत हात घालून भिजलेला वेत चाचपत होते. नमस्कार करून तो गेला. जिन्यावरून त्याची पावले उतरत गेली आणि खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"आई, तुला ठाऊक नव्हतं," वेतवाले म्हणाले. "तो आला असता, तर आपण खाली जाणार होतो."

"ठाऊक होतं. सूनबाईनं सांगितलं होतं काल."

"मग?"

"मग काय? त्याच्या बापाला इथे चढवून मी खाली ऊन खात बसू?"

मी वाट पाहिली, की मुलगा आता तिच्या पायाशी बसेल. पुराणकथेत तसे झाले असते. वेतवाले उठले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "तुझं पुण्य तुझ्यापाशी. पाणी मलाच वर आणायचंय." बादली घेऊन ते खाली गेले. त्यांचा राग मला त्या दिवशी अनुचित वाटला; आता तसा वाटत नाही. म्हातारीने भिंतीकडे तोंड केले. तिच्या बोलण्यात खोटे काही नव्हते, मुलाच्या रागातही नव्हते, आणि त्या दोहोंचा भार वाहणाऱ्या सूनबाई तांदूळ निवडत राहिल्या.

त्यानंतर वरची खोली पाहायला कोणी आले नाही. अधिवेशनाशिवायच्या त्या वर्षात शहराकडे येणारेच थांबले. पुढे अधिवेशन येथे परत भरले; तळमजल्यावर पाहुणे उतरले, आठवडाभर अंगणात खुर्च्या टाकून बसले आणि गेले. मालकीणबाईंनी खोली झाडून घेतली आणि दार लावले.

म्हातारी वरच आहे. मी अजून दुपारी जातो. मायलेकांचे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे: औषध घेतलंस का, खिडकी लावू का, एवढेच. उतरवतो म्हणणे वेतवाल्यांनी सोडले आहे, आणि तीही विचारत नाही.