वाकळेच्या पोटात

माझं माहेर सांगलीचं, विश्रामबागेतलं. तिथं कपडे जुने झाले की बोहारणीला जायचे आणि त्याबदली स्टीलचं भांडं घरात यायचं. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या सासरी मात्र चिंधीसुद्धा उंबरा ओलांडत नसे. सगळं वाकळेत, म्हणजे हातानं शिवायच्या गोधडीत, जायचं. लग्नानंतर वर्षभरात मला त्या घरातलं एवढं एकच नीट समजलं होतं.

पहिल्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा सासूबाईंनी बाळाच्या वाकळेसाठी जुनेरं काढायला घेतली. त्यांना मी गावच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. त्यांची स्वतःची लुगडी, मामंजींचं धोतर, फौजेत असलेल्या माझ्या नवऱ्याचा विटका खाकी शर्ट, असा ढीग पडला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुज्या आयचं जुनेर हाय न्हवं? बाळाच्या वाकळंत दोनी आज्यांचं पायजे."

होतं. आई माझ्या लग्नाआधीच गेली. तिचं एकच इरकली लुगडं मी ट्रंकेच्या तळाशी घालून आणलं होतं. जांभळं, हिरव्या काठांचं, नेसून नेसून सायीसारखं मऊ झालेलं. नाही म्हणावं तर पोटातल्या बाळालाच नाही म्हटल्यासारखं, आणि हो म्हणावं तर त्याला कात्री लागणार. काय करावं सुचेना. माझ्या तोंडून "हाय की" कसं निघालं देव जाणे, तोवर मी सांगलीची, 'हाय' कधी म्हणतच नव्हते. लुगडं दिलं आणि थोड्याच दिवसांत बाळंतपणाला सांगलीला काकूकडे गेले.

मुलीला घेऊन परत आले तर वाकळ तयार होती. तिला निजवायच्या निमित्तानं मी ती उलटीपालटी करून पाहिली. खाकी सापडला, धोतर सापडलं, आत्याबाईंच्या लुगड्याची लाल चौकडी सापडली. जांभळं कुठेच नव्हतं. आणि स्वयंपाकघरात फळीवर एक नवंकोरं स्टीलचं पातेलं होतं.

मी गप्प बसले, पण डोकं गप्प बसेना. याच आत्याबाई मुलीला पायावर घेऊन तेलानं रगडायच्या, मला डिंकाचा लाडू हातात ठेवून समोर बसून खायला लावायच्या. अशी बाई माझ्या आईचं लुगडं पातेल्यावर घालेल? आणि घातलं नसेल, तर ते गेलं कुठे? विचारायला म्हणून जायची आणि भलतंच काही बोलून परत यायची. "घातलं" असं उत्तर आलं असतं तर पुढे त्या घरात राहायचं कसं? त्या पातेल्यात दूध तापवताना मला राग यायचा, आणि त्यांनी मुलीला "चिमणे" म्हणून हाक मारली की तो जायचा. धड भांडता येईना, धड विसरता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात वाकळ धुवायला कृष्णेवर नेली. ओली वाकळ एकटीला पिळवत नाही. एक टोक आत्याबाईंकडे, एक माझ्याकडे. पीळ बसला तसं वरचं धोतर टर्रकन फाटलं आणि आत जांभळं दिसलं. हिरवा काठही दिसला. मी पाण्यात तशीच उभी राहिले.

"पीळ की गं," आत्याबाई पलीकडून म्हणाल्या.

"हे लुगडं..."

"तुज्या आयचं. मंग कुनाचं?"

"पण वर कुठंच दिसलं नाही."

"वर कशाला लावू? वरचं झिजायला असतंय. ते अख्खं घडी करून पोटात घातलंय. कात्री न्हाई लावली."

"मग ते पातेलं?"

"ते व्हय? तुज्या नवऱ्याची टेरिकॉटची बुशकोटं दिली. त्यात सुई जाईना, घाम टिपंना. वाकळंला काय कामाची?"

ते बुशकोट नवऱ्यानं सुट्टीत घरभर शोधले होते आणि आम्ही दोघांनी मिळून बिचाऱ्या परटाला बोल लावला होता.

"मला सांगितलं का नाही, आत्याबाई?"

"तू इचारलंस कवा?"

संध्याकाळी वाकळ वाळली. आत्याबाई सुईदोरा घेऊन अंगणात बसल्या आणि म्हणाल्या, "शिवू, का उसवून काढून देऊ? तुजं हाय. सांगशील तसं."

मी फटीतून हात घातला. आईचा काठ बोटांना लागला. वर्षभर जे परत हवं होतं ते हाताशी होतं, आणि मला काय हवंय तेच कळेना. ते काढलं तर वाकळेत राहणार काय? तेवढ्यात लेक आली आणि तोंडात बोट घालून रोजच्यासारखी वाकळेवर आडवी झाली. मला रडू आलं. लुगडं सापडलं म्हणून की आता पुन्हा दिसणार नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

मी माझ्या जुन्या पातळाचा तुकडा फाडला आणि फटीवर धरला. आत्याबाईंनी सुई माझ्या हातात दिली.

"बारीक टाके घाल," त्या म्हणाल्या. "आत तुजी आय हाय."