हे पान येथून हलविले आहे

सदाशिव पेठेतल्या ज्या घरात मी कॉट बेसिसवर राहिलो, त्या घराच्या मागच्या खोलीत पेट्या दुरुस्त होत. आमच्या गावी भजनी मंडळाची एकच पेटी होती. ती बिघडली की निवडणूक येईपर्यंत तशीच पडून राहायची, मग कुणीतरी नवी भेट द्यायचं. पेटी दुरुस्तही होते, हे ज्ञान मला पदवीबरोबरच पुण्यात मिळालं.

दुरुस्त करणारे घरमालक काका. त्यांनी साठीनंतर कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि स्वतः टंकून वेबसाइट बनवली. प्रत्येक दुखण्याला एक पान: ‘भाता फाटल्यास’, ‘एकच सूर वाजत राहिल्यास’, आणि सगळ्यांत गाजलेलं ‘पेटीत उंदरांनी घर केल्यास’. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘उंदीर जिवंत असल्यास प्रथम उंदराचे पाहावे.’ इंटरनेटवर पेटी आणि उंदीर असं काहीही शोधलं की सर्वांत वर काका. रस्त्यावरून दुकान दिसायचं नाही, बोळात शिरून जिना चढावा लागायचा. तरी सांगली, लातूर, नांदेडहून फोन यायचे. काकांचं काम त्या पहिल्या नंबरवर चालायचं.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत काकूंनी माझा मेसचा डबा बंद करून मला पानावर बसवलं होतं. हिंजवडीला नोकरी लागल्यावर मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि मला येत होतं ते वेबसाइटचं काम, एवढंच. काकांची वेबसाइट मोबाइलवर मुंगीएवढी दिसायची, आणि मेन्यूत एक शब्द बदलायचा तर सगळी पानं उघडावी लागायची. मी म्हटलं, “काका, नव्या पद्धतीची करून देतो. सीएमएस म्हणतात. तुम्ही फक्त मजकूर टाकायचा, बाकी ते सांभाळून राहते.”

“सांभाळून राहते,” काकांनी माझी वऱ्हाडी चाखून पाहिली. “ठीक. तुमची भाषा सांभाळली जात असेल, तर आमची वेबसाइटही सांभाळली जाईल.”

नव्या व्यवस्थेत प्रत्येक पानाचा पत्ता बदलणार होता. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर न्यायची सोय करावी लागते, हे मी सांगितलं. काकांनी चष्मा काढला.

“न विचारता? एखादा माणूस आपल्या दारात आला, तर त्याला उचलून दुसऱ्या दारात ठेवायचा? ही सभ्यता नाही. पाटी लावू.”

“पण काका...”

“अहो, पुण्यात दुकान हललं की पाटी लागते. माणसं वाचतात आणि जातात. आजवर कुणी हरवलेलं नाही.”

ऑफिसात मी टीम लीडशी वाद घालायला शिकलो होतो. काकांशी वाद घालायचं शिक्षण कोणत्याच कॉलेजात नव्हतं. त्यांनी प्रत्येक जुन्या पानावरचा मजकूर काढून तिथे एकच पाटी टाकली: ‘हे पान येथून हलविले आहे. नवीन पत्ता मुखपृष्ठावर शोधावा. वाचता येत असल्यास फोन करून विचारू नये.’

पाटी मित्रमंडळींत फार वाखाणली गेली. कुणीतरी तिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला, आणि काका आठवडाभर खुशीत होते. मग फोन कमी झाले. मग जवळपास थांबले. मी शोधून पाहिलं, तर पहिल्या पानावर काका नव्हते, दुसऱ्यावरही नव्हते. उंदीर शोधला की पिंजऱ्यांच्या जाहिराती येत होत्या.

काका भाता उघडून बसत आणि तोच पुन्हा बंद करत. भिंतीजवळ दुरुस्तीला आलेल्या पेट्यांची रांग असायची, तिथे आता फरशी दिसू लागली. काकू म्हणाल्या, “विचारू नये असं लिहिलंत. लोकांनी ऐकलं. इतकी वर्षं मी ऐकते, आता लोकही ऐकायला लागले.”

त्या रविवारी मी काकांसमोर बसलो आणि जमेल तितक्या शुद्ध मराठीत सांगितलं. माणूस पाटी वाचतो. शोधणारं यंत्र पाटीचा अर्थ लावत नाही. त्याला एवढंच दिसतं, की काल इथे उंदीर होते, भाता होता, आज सगळ्या पानांवर तीच तीन वाक्यं. म्हणून त्याने सगळीच पानं बाद केली. उंदरांचं पान इतकी वर्षं लोकांनी एकमेकांना पाठवून वर आणलेलं होतं. ते पान कायमचं अमुक ठिकाणी गेलं, असं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं, तर जुन्या पानाचा तो वरचा मान नव्या पानाला मिळू शकतो.

काकांनी हातातला भाता बाजूला ठेवला. “म्हणजे यंत्राला पुणेरी येत नाही.”

“नाही काका. मलाही दोन वर्षं लागली.”

“मग पाठवा सगळ्यांना मुखपृष्ठावर.”

“तसंही नाही चालत. उंदरांसाठी आलेला माणूस उंदरांच्याच पानावर गेला पाहिजे. नाहीतर तो परत फिरतो.”

हे मात्र त्यांना लगेच पटलं. भात्याच्या गिऱ्हाइकाला सुरांच्या रांगेत उभं केलेलं त्यांना दुकानातही खपत नसे. एकेक जुनं पान कुठल्या नव्या पानाला जोडायचं ते त्यांनी सांगितलं, मी टंकत गेलो. नव्या पानांवर मी घातलेलं ‘आपले सहर्ष स्वागत’ त्यांनी काढायला लावलं आणि उंदरांचं जुनं वाक्य परत आणलं. एकच अट होती, की पाटी फेकायची नाही. म्हणून ज्या पत्त्यावर कधी काहीच नव्हतं, अशा चुकीच्या पत्त्यावर येणाऱ्यासाठी मी ती थोडी बदलून ठेवली: ‘हे पान येथे कधीच नव्हते. पत्ता नीट टंकावा.’

नंबर लगेच परत आला नाही. मी ऑफिसहून आलो की काका वर न बघता विचारत, “कितवे?” तिसऱ्या पानावर. दुसऱ्याच्या तळाशी. एकदा मी “पहिल्या पानावर, शेवटून दुसरे,” म्हटलं, तर म्हणाले, “शाळेत आम्ही तिथेच बसायचो.”

एका शनिवारी फोन वाजला. मी शेजारीच होतो. पलीकडचा आवाज मोठा होता आणि भाषा माझ्या गावाकडची. भजनी मंडळाच्या पेटीत उंदीर शिरले होते.

“वेबसाइटवर सगळं लिहिलेलं आहे,” काका म्हणाले. “वाचलं नाहीत?”

“वाचलं ना जी. वाचूनच फोन लावला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने भिंतीजवळची रिकामी जागा झटकायला लागले.

“आणा मग,” ते फोनमध्ये म्हणाले. “पेटी आणा. उंदीर तिकडेच सांभाळून राहू द्या.”