बायकांचा फॉर्म

“अहो दादा, हा लेडीज फॉर्म आहे! कुठून उचललात तुम्ही?”

कांदिवलीच्या त्या स्किन क्लिनिकमधली काउंटरवरची ताई माझा कागद हवेत फडकवत ओरडत होती. तिचा साधा आवाजही असा, की बोरिवलीच्या पेशंटने घरबसल्या आपला नंबर ऐकावा. बाकांवरच्या चौदा माना माझ्याकडे वळल्या. खरं तर सहाच होत्या, पण मला चौदांचं वजन लागलं.

कागद मी उचलला नव्हता, आत डॉक्टरीणबाईंनी दिला होता. माझ्या जन्माच्या दाखल्यावर मुलगी लिहिलंय. हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू झाली, तशी मला दाढी आली, आवाज जाड झाला, ज्याची लहानपणापासून वाट पाहिली ते सगळं आलं, आणि वर न मागता फोड आले. पाठीवर इतके, की शर्ट अंगाला न टेकता वाळत घातल्यासारखा लोंबायचा. हनुवटीवरचा एक तर एवढा, की शेअर रिक्षावाले त्याची वेगळी सीट मोजायचे. हसायचं तर हसा. मी मात्र पाच वर्षं पालथा झोपत होतो.

डॉक्टरीणबाई चांगल्या. काय म्हणून हाक मारू, हे त्यांनी आधी विचारलं आणि मग तशीच मारली. माझ्या फोडांवर एकच जालीम गोळी होती, पण पोटात गर्भ असला तर ती त्याची वाट लावते. म्हणून ज्याला गर्भाशय आहे त्याने आधी लघवीची टेस्ट करायची, मग फॉर्मवर सही. दाढी असली तरी नियम तोच, आणि इंजेक्शन घेतो म्हणून सुटका नाही. हे सगळं त्यांनी दार लावून, हळू आवाजात समजावलं. समजूतदारपणा तेवढ्या दारापर्यंतच पोचला होता. काउंटरला कोणी काही सांगितलं नव्हतं.

गंमत बघा. बायकांच्या रांगेतून मला काढा म्हणून मी आठ वर्षं घसा फोडला. घरी, बँकेत, आधारच्या खिडकीवर, सातशे वेळा तरी सांगून झालं असेल. आणि आता मी बायकांच्याच फॉर्मसाठी उभा होतो.

सांगूनही टाकलं असतं. पण शेवटच्या बाकावर आमच्या कॉलनीतल्या काकू बसल्या होत्या.

त्वचेच्या डॉक्टरकडे माणूस आपल्या भागात जात नाही. दिंडोशीचा कांदिवलीला येतो, कांदिवलीचा पार्ल्याला जातो, पार्ल्याचा कुठे जातो देव जाणे. ओळखीचं कुणी भेटू नये, एवढीच इच्छा. मीही त्याच हिशेबाने आलो होतो. काकू माझ्या समोरच्या बिल्डिंगमधल्या, मूळच्या मालवणकडच्या. चार वर्षं मी त्यांच्यासाठी भाड्याच्या खोलीत राहणारा एक सरळ मुलगा होतो, ज्याच्यासाठी त्या अधूनमधून कणकवलीची भाची सुचवायच्या. याआधी कळलं म्हणून मी दोन खोल्या सोडल्या होत्या, एक तर आठ दिवसांत. काकूंना कळलं की तिसरी गेलीच.

म्हणून मी ताईला म्हटलं, “बायकोचा आहे.”

ताईचं समाधान झालं. आता काकू पुढे सरकल्या. खूश झाल्या की त्यांना मालवणी फुटते.

“अरे झिला, लगीन केलंस नि सांगलंस पण नाय?”

घाईत केलं, म्हणालो. मग त्यांनी कुठली, कोणाची, काय शिकलेली हे विचारलं आणि मीही कमी पडलो नाही. बायको देवगडची झाली. सासऱ्यांना आंब्याची बाग झाली, बागेत विहीर, विहिरीला पंप. ताईने मधेच सांगितलं, बायकोला घेऊन या, टेस्ट तिचीच लागेल. मी बायकोला ताबडतोब माहेरी धाडलं. मग गोळीही तिला माहेरीच मिळेल, ताई म्हणाली आणि तिने फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. काकूंनी विचारलं, दिवस गेलेत की काय, म्हणून टेस्ट? आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर मी दोन मुलं शाळेत घातली असती.

पण तिथे मी दमलो. भीती तशीच होती, हिंमतबिंमत काही आली नव्हती. फक्त त्या बाईला रोज देवगडला सांभाळायचं, दिवाळीला आणायचं, काकूंना ती का दिसत नाही याची कारणं जुळवायची, एवढं बळ अंगात उरलं नव्हतं. आणि गोळीशिवाय परत गेलो तर पुन्हा पालथं झोपायचं होतं.

“ताई,” मी म्हटलं, “बायको नाही. फॉर्म माझा आहे. टेस्ट माझीच करायचीय.”

ताईने एकदा माझ्या दाढीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरीणबाईंच्या सहीकडे. मग ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला, वर प्लॅस्टिकची डबी ठेवली आणि पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलली.

“मग तसं सांगायचं ना. बाथरूम डावीकडे. कडी लागत नाही, दाराला पाय लावून ठेवा.”

एक पाय दाराला लावून मी जे काम केलं त्याला सर्कशीत टाळ्या पडल्या असत्या. टेस्टमध्ये काही निघणार नव्हतंच, निघालं नाही. सही केली, गोळ्यांची चिठ्ठी घेतली.

बाहेर पडायला काकूंच्या समोरूनच वाट होती. त्यांचा नंबर अजून आला नव्हता. कॉलनीत कायम कोपराखालपर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालणाऱ्या काकूंनी डॉक्टरीणबाईंना दाखवायला बाही वर केली होती, आणि कोपराजवळ कोडाचा पांढरा डाग होता, तळहाताएवढा. मला पाहून त्यांनी बाही खाली ओढली नाही.

“काकू,” मी म्हटलं, “कॉलनीत...”

“मी आज वसईला आहे,” त्या मालवणी सोडून म्हणाल्या. “बहिणीकडे. कॉलनीत तसंच सांगून आलेय.”