शेवटच्या खुर्चीबाबत

विषय : सिस्टॉलिक अ‍ॅरेमधील शेवटची खुर्ची मिळणेबाबत.
संदर्भ : नव्वदच्या दशकातले नवी मुंबईतले आमचे इंजिनीअरिंग कॉलेज, कॉम्प्युटर विभाग.

उपरोक्त विषयी निवेदन की, कारकुनाच्या टेबलावर फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायली निदान कधीतरी पुढे सरकतात!

*

सावंत सरांना एकच वेड. मोठं गणित बारीक कामांत तोडायचं आणि ओळीतल्या छोट्या प्रोसेसरांना वाटून द्यायचं. हृदयाच्या ठोक्यागणिक रक्त पुढे जातं, तसे इथे आकडे; म्हणून नाव सिस्टॉलिक अ‍ॅरे.

प्रोसेसरांच्या खरेदीला मंजुरी नव्हती. म्हणून पोरांना दाखवायला सरांनी ऑफिस स्टाफच कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांवर बसवला!

"टाळी वाजली की डावीकडची चिठ्ठी घ्या, आपला आकडा त्यात मिळवा, उजवीकडे द्या. व्यवहार फक्त शेजाऱ्याशी. थेट माझ्याकडे कुणी यायचं नाही."

"म्हणजे रोजचंच की, सर!" शिंदेबाई म्हणाल्या.

मी मधे, माझ्या उजवीकडे शिंदेबाई, आणि शेवटी परब.

*

उत्तर शेवटच्या खुर्चीतून बाहेर पडतं. परबने उभं राहून ते वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही प्रत्येक टाळीला इमानदारीत चिठ्ठ्या पुढे ढकलत राहिलो. परबच्या मांडीवर ढीग!

दुसऱ्या दिवसापासून सर टाळीऐवजी टेबलावर पेपरवेट आपटू लागले.

*

बाहेरून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी हात मिळवला तोही परबशीच. "ब्रिलियंट!"

"छे हो, टीमवर्क," परब लाजला. टीमवर्क म्हणे! बेरजा आमच्या, लाजणं याचं.

कोपरखैरण्याला आमची एकच सोसायटी. परबवहिनी जिन्यात सांगत सुटल्या, "आमचे हे आता कॉम्प्युटरमध्ये आहेत."

"आणि तुम्ही?" आमच्या हिने विचारलं.

"मीही त्यातच आहे."

"मग दिसत कसे नाही?"

*

सरांची पद्धत अशी : आधी सगळं गणित फळ्यावर ठिपक्यांत आणि बाणांत मांडायचं, मग एका बाजूने त्याची खुर्च्यांच्या ओळीवर सावली पाडायची. जशी सावली, तशी खुर्च्यांची कामं.

"सर, दुसऱ्या बाजूने पाडली तर?" एका पोराने विचारलं.

"मग उत्तरं हलत नाहीत. ज्याचं त्याच्याच खुर्चीवर तयार होतं."

गणितात एवढा न्याय असतो हे मला ठाऊक नव्हतं! मी सरांच्या मागेच लागलो. अखेर प्रयोग झाला. माझं उत्तर माझ्या हातात! मी उभा राहिलो, घसा खाकरला.

"बसा, बसा," सर म्हणाले. "उत्तरं बाहेर काढायचीत अजून. सगळ्यांनी उजवीकडे सरकवा."

सगळी उत्तरं परबने वाचली. माझं जरा जास्तच जोरात.

*

मग मी रीतसर अर्ज लिहिला : शेवटची खुर्ची आळीपाळीने मिळावी. सरांच्या हातात द्यायला गेलो.

"नियम काय ठरलाय?" सरांनी विचारलं.

मी परत येऊन खुर्चीवर बसलो. पेपरवेट आपटला. अर्ज शिंदेबाईंकडे दिला. त्यांनी तो परबकडे दिला.

परब निवृत्त झाला, मागोमाग मीही. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.