हेबेर डॉक्टरची फेरी

मीनास गावात हेबेर लारोसाला सगळे डॉक्टर म्हणतात, पण त्याने आयुष्यात एकाही माणसाची नाडी धरलेली नाही. चाळीस वर्षं तो चौकाजवळच्या चिंचोळ्या दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करत होता. मग लोकांच्या मनगटावरची घड्याळं गेली, खिशात फोन आले आणि हेबेर दुकानात माशा मारत बसू लागला. शेवटी त्याने शटर ओढलं ते कायमचं. घरी बसून तो इतका चिडचिडा झाला की बायको नेल्बा म्हणाली, "अहो, काहीतरी करा, नाही तर मी तरी माहेरी जाते." ती तेव्हा पासष्टची होती आणि माहेरी कुणी उरलं नव्हतं.

काहीतरी म्हणजे गांजा. सरकारकडे नाव नोंदवून घरटी सहा झाडं लावायची कायद्याने मुभा होतीच. हेबेरने परसात सहा मोठ्या कुंड्या मांडल्या. ओढण्याचं त्याला फारसं अप्रूप नव्हतं. रविवारी जेवणानंतर एखादी वळली तर वळली. त्याला गोडी लागली ती झाडं निकोप ठेवण्याची. रासायनिक औषधाचा थेंब परसात येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. खत गांडुळांचं, माव्यावर साबणाचं पाणी, भुरीवर पाणी घातलेलं दूध, अळ्या बोटांनी वेचायच्या. पाऊस पडून गेला की तो एकेक फांदी हलकेच झटकून पाणी उडवायचा, तुऱ्यांच्या पोटात करडी बुरशी धरू नये म्हणून. नेल्बा म्हणायची, "पोरांची नाकं तर कधी पुसली नाहीत यांनी."

गावात घरोघर कुंड्या होत्याच. कुणाची पानं पिवळी पडली की हेबेरला बोलावणं यायचं. तो दुकानातला जुना करडा कोट चढवायचा, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचा, पान उलटं करून बराच वेळ गप्प राहायचा आणि मग निदान सांगायचा. ते बहुतेक वेळा बरोबर यायचं. डॉक्टर ही पदवी वॉशिंग्टन खाटकाने थट्टेने दिली होती. हेबेरने ती फार लवकर मनावर घेतली. कोट तो सबंध हंगामात धुवायला देत नसे, खिसे रिकामे करायचा कंटाळा म्हणून. झाडांचा चिकट राळ लागून बाह्या काळ्या पडायच्या. त्या काळ्या बाह्यांचाही त्याला अभिमान होता. डॉक्टर किती राबतो ते लोकांना दिसायला नको का?

त्या वर्षी वसंतात तो राजधानी मोंतेविदेओतल्या गांजाच्या मेळ्यात गेला आणि कुणीतरी भेट दिलेली, कुंडीत रुजवायची फांदीची एक छाट ओल्या कागदात गुंडाळून घेऊन आला. डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, त्या झाडाची खालची पानं कडेने वर मुडपली. उन्हाचा कडाका आहे, असं हेबेरने ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या झाडाला त्याने इतक्या घाईने निदान दिलं नसतं.

जानेवारीत सुल्माचा निरोप आला. सुल्मा शिवणकाम करायची. तीन झाडं लावायची आणि त्यांच्या तुपासारख्या मलमाने बोटांचे सांधे चोळायची. ते मलम नसेल तर हिवाळ्यात सुई धरवत नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या झाडांची खालची पानं मुडपली होती, देठ तांबूस झाले होते. हेबेरने भिंग लावून बघितलं.

"किडा नाही," तो म्हणाला. "मॅग्नेशियम कमी पडलंय."

"नक्की ना रे? मला तर हे आजारी माणसासारखं दिसतंय."

"सुल्माबाई, शिवणातलं मी तुला सांगतो का?"

दहा दिवसांत वॉशिंग्टनची झाडं तशीच झाली, मग आणखी तिघांची. हेबेर रोज फेरीला निघायचा. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. सगळीकडे पानं कुरवाळायचा आणि मॅग्नेशियम सांगायचा. सुल्माच्या मनातून मात्र ते जाईना. तिने एक फांदी पिशवीत घालून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे नेली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पान वळवळत होतं. हा एक कोळी होता. जाळं विणणारा नव्हे, झाडाचा रस पिणारा, फिकट आणि इतका बारीक की घड्याळजीच्या भिंगाला तो दिसणं शक्यच नव्हतं. त्याला पंख नसतात, बाई म्हणाल्या. वाऱ्याने जातो, नाही तर माणसांच्या हातांवरून आणि कपड्यांवरून. तुरे धरायच्या आत गंधकाचं पाणी फवारलं तर आवरतो. तुरे धरल्यावर गंधक चालत नाही, आणि सुल्मासकट पाचही घरांच्या झाडांना तुरे धरून चुकले होते.

रविवारी वॉशिंग्टनच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत सगळे बसले होते. सुल्माने हे सांगितलं आणि सगळ्यांनी हेबेरकडे पाहिलं. त्याचे कान तापले. चुकलो, एवढा एक शब्द पुरला असता. पण चाळीस वर्षांनी मिळालेला मान एका शब्दासाठी कोण सोडतो?

"मला शंका होतीच," तो म्हणाला. "पण आपल्याकडे हे कधी नव्हतं. हे बाहेरून आलंय."

एवढंच म्हणाला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, कारण गावात बाहेरून आलेला एकच होता. इस्माएल तेचेरा, बसचा ड्रायव्हर. नोव्हेंबरात बदली होऊन तो सरहद्दीवरच्या रिवेराहून आला होता, बायको आनाइरला आणि सहा रोपांना घेऊन. बुजरा माणूस. रविवारी येऊन कोपऱ्यात बसायचा, सगळ्यांच्या आधी उठून भांडी विसळायचा. त्याने हेबेरला झाडं बघायला कधी बोलावलं नव्हतं; डॉक्टरांना कशाला त्रास, म्हणायचा. त्या रविवारी त्याची पाळी होती म्हणून तो बस घेऊन गेला होता.

"रिवेराचा माल!" वॉशिंग्टनने मांडीवर थाप मारली. "तरीच कुणाला घरात घेत नाही. डॉक्टर, तुम्ही जाऊन बघाच एकदा."

हेबेरने बाईंकडून मोठं भिंग मागून घेतलं. मंगळवारी सकाळी वॉशिंग्टनची झाडं तपासली आणि तिथूनच, अंगातल्या कोटानिशी, इस्माएलच्या घरी गेला. आनाइरला इतका आनंद झाला की तिने तळलेल्या पुऱ्या आणि येर्बाच्या पानांचा कडू काढा एकदमच आणून ठेवला. "बघ, मी म्हणत नव्हते? येतील एक दिवस," ती नवऱ्याला म्हणाली. इस्माएल नुसता हसत उभा होता.

हेबेरने सहाही झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चाचपली. पानं वर केली, फांद्यांच्या बेचक्यात बोटं घातली, भिंग फिरवलं. झाडं स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नव्हे, त्याने आजवर वाढवलेल्या कुठल्याही झाडापेक्षा चांगली. पान चकाकत होतं, देठ कोवळा हिरवा होता. त्याला आधी हेवा वाटला. मग तो सरळ होत असताना आपल्याच बाहीची कड भिंगाखाली आली. राळेत चिकटलेला पानांचा चुरा दिसला, आणि त्या चुऱ्यात काहीतरी हलत होतं.

तो तसाच वाकलेला राहिला. सुल्माकडून तो वॉशिंग्टनकडे गेला होता, वॉशिंग्टनकडून पुढच्या घरी. सुल्माच्या आधी तो कुठून निघाला होता? स्वतःच्या परसातून. गावात ज्या ज्या घरी झाडं लागली त्या त्या घरी डॉक्टर जाऊन आला होता. एका घरी गेला नव्हता, तिथली झाडं ठणठणीत होती. आणि त्या झाडांवरून त्याने आत्ताच दोन्ही हात फिरवले होते.

"काय डॉक्टर?" इस्माएलने विचारलं. "काही आहे का?"

आज फवारलं असतं तर झाडं वाचली असती. इथे तुरे धरायला अजून आठवडा होता. हे हेबेरला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. नंतर त्याने स्वतःला कितीही समजावलं तरी ते कळलं नव्हतं असं त्याला म्हणता आलं नाही.

"आत्ताच काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "बघू या."

आनाइरने निघताना त्याच्या हातात पुऱ्यांची पुडी दिली. त्याने ती घेतली.

घरी येऊन त्याने कोट उकळत्या पाण्यात टाकला. नेल्बाने विचारलं, "आज कसं काय सुचलं?" मग दार लावून त्याने स्वतःच्या, अजून तुरे न धरलेल्या झाडांवर गंधक फवारलं, पानाची एकही बाजू न सोडता. संध्याकाळी वॉशिंग्टन वाटेत भेटला. "सापडलं का?" म्हणाला. "अजून नक्की नाही," हेबेर म्हणाला, आणि वॉशिंग्टनने डोळा मिचकावला. हेबेरला ते थांबवता आलं असतं. तो पाव आणायला गेला.

पुढच्या तीन आठवड्यांत इस्माएलशी बोलणं लोकांनी सोडलं. बसमध्ये चढताना सुट्टे देत, पण नमस्कार नाही. वॉशिंग्टन त्याला मांस कागदात बांधून देताना दुसरीकडे बघायचा. आणि फेब्रुवारीच्या मध्यात, तुरे धरल्यावर, इस्माएलच्या झाडांची खालची पानं मुडपली. शेजारणीने कुंपणावरून पाहिलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं. हेबेरला जेवण जाईना. कार्निव्हलचे ढोल रस्त्यावरून गेले तेव्हा सगळे दारात आले, तो आत बसून राहिला. नेल्बाला वाटलं पोट बिघडलं. तिने त्याला साध्या भाताची पेज करून दिली आणि ती पेज त्याला स्वतःची लाज वाटत वाटत प्यावी लागली, कारण खरं सांगितलं असतं तर तिने ती दिली नसती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे अंगणात जमले होते. इस्माएल आणि आनाइर न बोलावता आले. इस्माएलने धुतलेला सदरा घातला होता. तो बसला नाही.

"मला जास्त बोलता येत नाही," तो म्हणाला. "मला वाटत होतं माझी झाडं चांगली आहेत. डॉक्टरांनी येऊन बघितली तेव्हाही मला काही दिसलं नाही. पण रोग माझ्याकडेच होता, आणि तुमच्या सगळ्यांचं वर्ष गेलं. सुल्माबाई, तुमच्या हातांचं कळल्यापासून मला झोप नाही. मला माफ करा."

मग तो हेबेरसमोर आला आणि हात पुढे केला. "तुम्ही मला त्या दिवशी तोंडावर काही बोलला नाहीत, डॉक्टर. तुमचा मोठेपणा."

हेबेरने हात धरला नाही. आपल्या हाताला काहीतरी लागलेलं आहे असं त्याला वाटलं.

"मी आणलं ते," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की वॉशिंग्टनने "काय?" म्हणून विचारलं. "रोग मी आणला. मोंतेविदेओच्या मेळ्यातून, छाटेबरोबर. माझ्या कोटावरून घरोघर गेला. सुल्मा, तुझ्याकडे पहिला."

मग वॉशिंग्टन हसला आणि त्याने हेबेरच्या पाठीवर थाप मारली. "बघा! दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेतोय. इस्माएल, असा माणूस तुला रिवेरात मिळायचा नाही." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हेबेरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी धीर करून खरं बोललो, तर त्याचाही आपल्याला मानच मिळतोय!

सुल्मा हसली नाही. ती आपल्या बोटांकडे बघत होती. इस्माएलही हसला नाही.

"तुम्ही आलात त्या दिवशी," त्याने सावकाश विचारलं, "माझी झाडं कशी होती?"

"स्वच्छ होती."

"आणि तुम्हाला ते कळलं होतं?"

"हो. कोटावरचे किडेही दिसले होते. तिथेच."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. वॉशिंग्टनचा हात हेबेरच्या पाठीवरून निघाला. आनाइरने उगाचच स्कर्टची कड सारखी केली. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती रडली नाही.

"मी आज सकाळी सगळी जाळली," इस्माएल म्हणाला. "सहाही. तुरे भरत आले होते, थोडं तरी हाती लागलं असतं. पण म्हटलं, वाऱ्याने पुन्हा कुणाकडे जायला नको. निदान डॉक्टरांची झाडं तरी वाचू देत." तो थांबला. "वाचली का तुमची?"

हेबेरला खोटं बोलायचंही बळ उरलं नव्हतं. सगळे ऐकत होते. नेल्बाही.

"वाचली," तो म्हणाला. "उभी आहेत."

इस्माएलने मान हलवली. आनाइरला म्हणाला, "चल, मला चारची बस न्यायची आहे," आणि दोघं फाटकातून निघून गेले. नेल्बा उठली. हेबेरचं ताट तिने त्याच्यासमोरून उचललं, आपल्या ताटावर ठेवलं आणि भांडी विसळायला आत गेली.