आधी म्हशी, मग माणसं

"साहेब, पाणी आल्यावर बघू," सुभेदार म्हणाले आणि खाली बसले. सभा तिथंच संपल्यासारखी झाली.

मे महिना होता. गाव पलूस तालुक्यातलं, अगदी कृष्णेच्या काठावरचं. नाव मुद्दाम सांगत नाही. देवळाच्या सभामंडपात मी बराच वेळ घसा कोरडा करून बोललो होतो. मी तेव्हा नायब तहसीलदार होतो. नायब तहसीलदार म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचा अधिकारी. जे काम ऑफिसात कुणाच्याच टेबलावर बसत नाही, ते फिरून फिरून त्याच्याकडे येतं. पूर हे तसलंच काम.

आमच्या कामात तीन शब्द सारखे येतात. विसर्ग म्हणजे धरणाच्या दारांतून सोडलेलं पाणी. इशारा पातळी म्हणजे नदीनं पुलावरची ही खूण गाठली की सामान बांधायला घ्या. आणि धोका पातळी म्हणजे आता बांधत बसू नका, निघा. कोयनेतून विसर्ग वाढवला की ते पाणी आमच्यापर्यंत पोचायला काही वेळ लागतो. तेवढाच वेळ आमच्या हातात असतो.

मागच्या महापुरात तो वेळ वाया गेला होता. भोंगा लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरली, पण गाव हललं नाही. पाणी उंबऱ्याच्या आत आल्यावर माणसं माडीवर चढली, पत्र्यावर चढली, आणि मग बोटी लावून एकेकाला उतरवून शाळेतल्या कॅम्पात न्यावं लागलं. कुणाचा जीव गेला नाही हे नशीब. या वर्षी वरून स्पष्ट सांगण्यात आलं होतं की पाणी यायच्या आत गाव रिकामं झालं पाहिजे. कसं, ते तुम्ही बघा.

सुभेदार म्हणजे लष्करातून त्या हुद्द्यावर निवृत्त झालेले गृहस्थ. घरचा ऊस, गोठ्यात मुऱ्हा म्हशी, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन. ते बसले म्हणजे गाव बसलं.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला. "आबा, एक इचारू का? मागच्या पुरात तुमच्या घरातनं सगळ्यात शेवटी कोण निघालं?"

ही रुपाली. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावर कंत्राटी समन्वयक म्हणून नुकतीच आली होती. समाजशास्त्रात एम.ए. आणि वर समाजकार्याची पदवी. आमच्या ऑफिसात तिला नेमकं काय काम द्यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिला माझ्या गाडीत बसवून दिलं होतं. गावात आल्यापासून ती बायकांत जाऊन बसली होती.

"म्हस," कुणीतरी बोललं. मंडप हसला. सुभेदार मात्र हसले नाहीत.

एका गड्यानं तिला गाव विचारलं. तिनं कवठे महांकाळकडचं सांगितलं. तो म्हणाला, तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, आणि तुमी आमाला पूर शिकवायला आलाय व्हय? पुन्हा हशा झाला. मला वाटलं, पोरगी आता गप्प होईल.

"शिकवायला न्हाई, शिकायला आलेय," ती म्हणाली. "आमच्याकडं पाणी कवा येतंय ते बघत बसत्यात. तुमच्याकडं कवा जातंय ते बघत बसत्यात. बसणं दोनीकडं हायच की."

या वेळी सुभेदार हसले. सभा पुढं चालू झाली, पण प्रश्न आता माझे नव्हते, तिचे होते.

त्यानंतर ती गावातच राहिली. अंगणवाडी सेविकेच्या घरी एक खोली मिळाली होती. मी आठवड्यातून कधी जायचो तेव्हा ती कधी डेअरीवर दूध घालायला आलेल्यांच्या रांगेत उभी असायची, कधी घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांजवळ पायरीवर बसलेली. मी तिला विचारलं, हे नक्की काय चाललंय? तिनं मला समजावून सांगितलं. तिच्या शास्त्रात याला गटचर्चा म्हणतात. एकसारख्या परिस्थितीतली चारदोन माणसं एकत्र बसवायची, आपण कमी बोलायचं, आणि ती एकमेकांना काय सांगतात ते ऐकायचं. मी म्हणालो, याला आम्ही गप्पा म्हणतो. ती म्हणाली, सर, फरक एवढाच की गप्पांतून उठल्यावर आपण विसरतो.

एका दुपारी सुभेदारांनी तिला आपण होऊन गोठ्यात नेलं. मी बरोबर होतो. मागच्या पुरात बोटीत फक्त माणसं घ्यायची असा नियम होता. तो बरोबरही होता, बोट छोटी होती. पण बोटीत बसायच्या आधी सुभेदारांनी स्वतःच्या हातानं दावी कापली होती, जनावरं पोहून कुठंतरी लागतील म्हणून. म्हशी सापडल्या. एक रेडकू सापडलं नाही. सीमेवर नोकरी केलेला तो माणूस दाव्याच्या खुंट्याकडं बघत हे सांगत होता. रुपालीनं मान हलवली नाही, च्च च्च केलं नाही. ती नुसती ऐकत होती, आणि त्या ऐकण्यामुळं ते बोलत होते. एवढ्या नोकरीत शेकडो लोकांनी माझ्यासमोर आपलं गाऱ्हाणं मांडलं असेल. असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

परतताना ती म्हणाली, "सर, आपण घर रिकामं करा म्हणतो, तेव्हा माणसं मोजतो. ते घर म्हणतात तेव्हा गोठाही आला. आधी म्हशींना जागा द्यायला पाहिजे."

मी रुपालीला घेऊन वर गेलो आणि हे सांगितलं. आमचे साहेब तसे समजूतदार, पण ते खुर्चीत जरा मागं रेलले.

"माणसं आधी की जनावरं आधी?"

"जनावरं आधी, सर," रुपाली म्हणाली. "ती गेली की माणसं मागून आपोआप जातात."

"हे कुठल्या जीआरमध्ये आहे?"

"कुठल्याच नाही, सर," मी म्हणालो.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, जागा शोधा, मग बोलू.

जागा तिनंच शोधली होती. इकडं प्रत्येक साखर कारखान्याला गाडीतळ असतो. हंगामात ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तिथं रांगेनं उभे राहतात. मोठं मोकळं मैदान, पाण्याचे हौद, काही ठिकाणी पत्र्याच्या शेड. पावसाळ्यात कारखाना बंद, म्हणून तळ रिकामा. आणि जवळच्या कारखान्याचा तळ होता उंचावर, महापुराचं पाणी जिथं कधी पोचलं नव्हतं. आम्ही सगळे तो तळ वर्षानुवर्षं येताजाता बघत होतो. त्यात म्हशींची छावणी दिसली ती दुष्काळी तालुक्यातून आलेल्या या मुलीला. तिच्या गावाकडं दुष्काळात जनावरांच्या चारा छावण्या लागत, ती त्या बघत मोठी झाली होती.

कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी आधी नाही म्हटलं. शेण कोण काढणार, रोगराई झाली तर कोण जबाबदार, एकदा दिलं की दरवर्षी मागाल. रुपाली म्हणाली, हंगामात इथं बैलं राहतातच की. ते म्हणाले, ती ऊस आणतात. ती म्हणाली, साहेब, या म्हशींचे मालकही ऊसच घालतात, तुमचे सभासद आहेत. ते ओशाळून हसले आणि संचालकांच्या बैठकीत या म्हणाले.

त्या बैठकीला सुभेदार जनावरांची बाजू मांडायला निघाले. रुपालीनं सुभेदारांची पत्नी शालनकाकी आणि आणखी चार बायकांनाही बरोबर घेतलं. मी विचारलं, यांचं काय काम? ती म्हणाली, त्यांना बोलायचं आहे. काय, ते तिनं मलाही सांगितलं नाही. घाटावर जे ऐकलं ते सांगायचा हक्क माझा नाही, त्यांचा आहे, एवढंच म्हणाली.

सुभेदार चांगलं बोलले. संचालक माना हलवत होते. मग शालनकाकी उभ्या राहिल्या. आयुष्यात कुठल्या बैठकीत बोललेल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडं बघून बोलायला लागल्या.

"जनावरास्नी जागा द्या, ती द्याच. पर मागच्या पुरात आमी म्हशीसाठी थांबलो न्हवतो. माज्या सुनंचं दीस भरलं हुतं. शाळंतल्या क्याम्पात समद्यास्नी एकच हॉल आन् संडासाला दार न्हवतं. शंभर मानसांत तिला कुटं न्यायची? म्हनून मी माडीवरनं हाललेच न्हाई. ह्यांला सांगितलं, म्हशी सोडून कसं जायाचं. म्हस हे निमित्त हुतं."

सुभेदार आपल्या बायकोकडं बघत होते. एका घरात राहून त्यांना हे आज कळत होतं. बाकीच्या बायका एकेक करून बोलल्या. कुणाची मुलगी वयात आलेली, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. प्रत्येक घर कुठल्या तरी कारणानं माडीवर थांबलं होतं आणि सगळ्यांनी म्हशींचं एकच कारण सांगितलं होतं, कारण ते सांगायला लाज वाटत नव्हती.

मी रुपालीकडं पाहिलं. ती शेवटच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. संपूर्ण बैठकीत ती एक शब्द बोलली नाही. वकिली करणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं बोलणं असं मी समजत होतो. दुसऱ्याला बोलता येईल अशी खोली तयार करणं ही त्याच्यापेक्षा अवघड वकिली आहे, हे मी त्या दिवशी पाहिलं.

गाडीतळ मिळाला. कामगारांच्या रिकाम्या खोल्याही कारखान्यानं बाळंतिणी आणि आजारी माणसांसाठी देऊ केल्या. शाळेतल्या संडासांना दारं लागली, आतून कड्या लागल्या, बायकांचा हॉल वेगळा झाला. साहेबांनी सह्या करताना जीआरचं नाव काढलं नाही. गाव हलवायची आखणी सुभेदारांनी स्वतःकडं घेतली. कुठली गल्ली आधी, कुणाचा ट्रॅक्टर कुणासाठी, सगळं लष्करी शिस्तीत. रुपालीनं त्यात लक्ष घातलं नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, म्हणाली.

ऑगस्टमध्ये पावसानं जोर धरला तो सोडेना. विसर्ग वाढवल्याचा फोन आला तेव्हा सकाळ होती. मी गाडी काढली. भोंग्याची गाडी मागून यायची होती. नदी अजून इशारा पातळीच्या खाली होती, पण पाण्याचा रंग बदलला होता.

गावाच्या वेशीवरच मला गाडी बाजूला घ्यावी लागली. समोरून म्हशी येत होत्या.

सगळ्यात पुढं सुभेदार, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात दोन म्हशींची दावी. त्यांच्या मागं गावची सगळी जनावरं, रस्ताभर, पावसात वाफा सोडत. म्हशी, गाई, बैल, ट्रॉलीत उभ्या केलेल्या शेरड्या. आणि त्यांच्या मागं ट्रॅक्टर, त्यांत म्हाताऱ्या, पोरं, डबे, गाठोडी. शालनकाकींच्या मांडीवर नातू होता, मागच्या पुरात जन्मायच्या वाटेवर असलेला. गर्दी होती पण गोंधळ नव्हता. मला पाहून सुभेदारांनी दावी धरलेल्या हातानंच सलाम केला. मी गाडीतून उतरून पावसात उभा राहिलो. भोंग्याची गाडी आली तेव्हा मी ड्रायव्हरला सांगितलं, भोंगा लावू नको, जनावरं बिचकतील.

दुपारपर्यंत गाव रिकामं झालं. मी आणि रुपाली शेवटची फेरी मारायला आत गेलो. दारांना कुलपं, गोठ्यांत मोकळे खुंटे. इतकी वर्षं मी पूर पाहिले, त्यात रडणं पाहिलं, ओरडणं पाहिलं, दोर, बोटी पाहिल्या. रिकामं गाव कधी पाहिलं नव्हतं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं. ते सावकाश आत शिरलं, पायऱ्या चढलं, अंगणात पसरलं. त्याला नेण्यासारखं तिथं कोणी नव्हतं.

रुपाली भिंतीला टेकून ते बघत होती. तिनं एवढं पाणी पहिल्यांदाच पाहिलं होतं. माझ्याकडं वळून म्हणाली, "लय भ्या वाटतंय, सर." मग आम्ही परत फिरलो.

पाणी त्या वेळीही बऱ्याच घरांत शिरलं. भिंती पडल्या, ऊस आडवा झाला. पण आमच्या गावात एकही बोट उतरवावी लागली नाही. त्या बोटी पलीकडच्या गावांना गेल्या. पुढच्या वर्षी वाळव्याकडच्या काही गावांनी आपल्या बाजूच्या कारखान्याकडं गाडीतळ मागितला, आणि मागायला बायका गेल्या.

रुपालीचं कंत्राट मार्चमध्ये संपलं. मी शिफारस केली की प्रत्येक तालुक्याला अशी एक समाजशास्त्राची पदवीधर कायम हवी. उत्तर आलं की तसं पद मंजूर नाही. ती आता सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या गावांत काम करते, जिथं दरडी कोसळतात. तिथं लोक का हलत नाहीत ते शोधतेय. फोनवर म्हणाली, कारण वेगळं आहे सर, पण अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी निवृत्त होऊन सांगलीला राहतो. परवा ओळखीचे एक गृहस्थ आले होते. मुलगी समाजशास्त्र घ्यायचं म्हणतेय, म्हणाले, पण पुढं त्याला स्कोप काय?

मी त्यांना विचारलं, तुमचं घर नदीपासून किती लांब आहे?