कूलरचं पाणी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल करते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात वीस वर्षं गेली, पण कुणी रोप वाळवलं की माझं डोकं अजूनही फिरतं.

आमचं कॉलेज शहराच्या टोकाला, जरीपटका वस्तीच्या पुढे. छोटंसं, खासगी. जुलैत थाटात झाडं लावायची, फोटो काढायचे आणि मे महिन्यात त्याच खड्ड्यांकडे बघून हळहळायचं, ही आमची परंपरा. उन्हाळ्यात बोअरवेल आटते, टँकर येतो, त्यातलं पाणी झाडांच्या वाट्याला कुठून येणार? पर्यावरण समिती माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी ठरवलं, यंदा एकही रोप मरू द्यायचं नाही. कॉलेजात कूलर ढिगाने. डासांच्या भीतीने दर शनिवारी त्यांच्या टाक्या रिकाम्या कराव्याच लागतात आणि ते पाणी गटारात जायचं. एप्रिलमध्ये मी फर्मान काढलं: शनिवारचं कूलरचं पाणी मागच्या आवारातल्या रोपांना.

काम मावशींकडे होतं. त्या कामठीहून शेअर ऑटोने येतात, कॉलेजची झाडलोट करतात. ठेकेदाराकडच्या, म्हणजे आज आहेत, उद्या नाहीत. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

तीन-चार आठवड्यांत रोपं पिवळी पडली, पानं करपली. प्राचार्य म्हणाले, "बाई पाणीच घालत नसेल." मी मावशींची बाजू घ्यायला हवी होती. उलट मीच म्हणाले, "नसणारच. शनिवारी घरी जायची घाई!" सोमवारपासून दुसरी बाई पाठवा, असं ठेकेदाराला सांगायचं ठरलं. हे बोलताना मला जराही वाईट वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

मावशींना ते कळलंच. शनिवारी दुपारी त्या स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील.

"मॅडम, मले ठेवा का काढा, तुमची मर्जी. पण जाच्या आधी एक दाखवाचं हाय. या ना जी मागं."

ऊन मी म्हणत होतं. त्यांनी एका करपलेल्या रोपाखालची मूठभर माती उचलली आणि माझ्या नाकाशी धरली. "हुंगा."

रॉकेल! आणि ते रॉकेल माझंच होतं. मार्चमध्ये डेंग्यूची सूचना आली तेव्हा मीच प्रयोगशाळेच्या परिचराला म्हणाले होते, सोडियम बुडवून ठेवायला आपल्याकडे रॉकेल असतं, त्यातलं थोडं दर आठवड्याला कूलरांत टाकत जा, अळ्या होणार नाहीत. तो माणूस सढळ हाताचा, आणि कूलरच्या वाऱ्यातल्या वासाची आम्हा सगळ्यांना सवय झालेली. पुढच्याच महिन्यात तेच पाणी मी झाडांना घालायला लावलं. दोन्ही फर्मानं माझी, आणि दुसरं काढताना पहिलं आठवलं नाही.

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?" मी विचारलं.

"मले वाटलं, मॅडम झाडाइचं शिकेल हायेत, दवाई असन काई." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "पण तो वास काई मनाले पटला नाई. म्हणून तिकडच्या लाइनले मी तुमचं पाणी देल्लंच नाई. पोरं परीक्षेले येतात, बाटलीत अर्धं पाणी ठेवून जातात. ते जमा करून तिले टाकून राहिली होती. पाहा."

भिंतीकडची अकरा रोपं. कडुनिंब, करंज, एक बहावा. हिरवीगार. एकाच दिवशी लावलेली, माती तीच, ऊन तेच, फक्त पाणी वेगळं. प्रयोगात एक गट वेगळा ठेवावा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. मावशींनी ते कुठेही न वाचता केलं होतं, आणि तेही माझं फर्मान मोडून.

मूठभर माती रुमालात घेऊन मी तशीच प्राचार्यांकडे गेले. सगळं सांगितलं. प्राचार्यांनी माझ्यासमोरच ठेकेदाराला फोन केला आणि दुसरी बाई नको म्हणून कळवलं. मग मी मावशींची माफी मागितली. "राहू द्या जी," एवढंच म्हणून त्या बादली घेऊन कामाला लागल्या.

ती अकरा झाडं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. बहावा यंदा पहिल्यांदा फुलला. परीक्षेच्या खोल्यांबाहेर उरलेल्या पाण्यासाठी पिंप असतं, कूलरांत रॉकेल बंद आहे. बहाव्याखालून जाताना मला दर वेळी मावशींबद्दल इतकं भरून येतं की काय बोलावं ते सुचत नाही, आणि मला न सुचणं हे आमच्या कॉलेजात नवलच समजलं जातं.

मावशी अजून कामावर आहेत. शनिवारी कूलर रिकामे करताना पाण्याचा पहिला मग भरून त्या अजूनही माझ्याकडे आणतात.

"घ्या मॅडम, हुंगा."

मी हुंगते, ठीक आहे म्हणते. मग त्या स्वतः एकदा हुंगतात, आणि त्यानंतरच पाणी झाडांकडे जातं.